मधला आकडा

धाकटीला जुळं झालं, त्याच वर्षी अण्णांनी जुनी शववाहिका भंगारात घातली आणि नवीकोरी आणली. एका आठवड्यात घरात तीन नवे जीव आले, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिघांत गुणी गाडीच, कारण ती रडत नव्हती.

घरचा धंदा मेलेल्या माणसांना पोचवण्याचा. फोन आला की गाडी इस्पितळात जायची, तिथून माणसाच्या घरी, आणि घरच्यांचं रडून झालं की स्मशानात. सगळं चार-सहा रस्त्यांच्या आत. गाडी थोरली चालवायची. तिने लग्न केलं नव्हतं. मागण्या आल्या होत्या, पण धंदा कळला की माणसं पाण्याचा पेला अर्धा ठेवून उठत. असल्या भित्र्यांच्या घरी जन्म काढण्यापेक्षा मेलेल्यांची सोबत बरी, असं तिने ठरवून टाकलं. मेलेला माणूस निदान सल्ला तरी देत नाही.

जिवंतांच्या सल्ल्याला मात्र या घरात तोटा नव्हता. मधला भाऊ गॅरेज चालवायचा. रस्ताभर त्याला मिस्त्री म्हणत, तेच नाव घरातही चिकटलं होतं. धाकटीचा नवरा नव्या गाडीच्या कंपनीतच, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसायचा. अण्णा त्याला जावईबापू म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. मिस्त्रीच्या नखांतलं काळं कधी गेलं नाही आणि जावईबापूंच्या शर्टाला कधी सुरकुती पडली नाही. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नसे, आणि दर रविवारी दुपारी जेवायला दोघंही वेळेच्या आधी हजर.

गाडी आली त्याच रविवारी ठिणगी पडली. जावईबापूंनी जेवता जेवता सांगितलं, की ऑइल पंधरा हजार किलोमीटरला बदलायचं, नाहीतर वर्षाने. त्याआधी इंजिनाला कोणी हात लावायचं कारण नाही, कंपनीने सगळा विचार केलेला आहे. मिस्त्री घास तोंडात ठेवूनच हसला. म्हणाला, कंपनीने विचार केलाय तो वॉरंटी संपेपर्यंतचा. त्याच्या पुढे गाडी तुमची आणि कपाळ तुमचं. पाच हजाराला ऑइल उतरवलं नाही तर इंजिन स्वतःचंच रक्त पीत बसतं. यावर जावईबापूंनी फार गोड आवाजात सांगितलं, की मिस्त्री ज्या इंजिनांवर शिकला ती आता संग्रहालयात ठेवली आहेत, आणि त्या काळचं ऑइलही गेलं, आणि तो काळही गेला. फक्त काही माणसं तेवढी मागे राहिली आहेत.

थोरली दोघांची ताटं वाढत होती आणि दोघांचाही तिला सारखाच वीट आला होता. एकजण कंपनीने छापलंय म्हणून बोलायचा, दुसरा कंपनीने छापलंय म्हणून उलटं बोलायचा. दोघांनीही स्वतःचं डोकं दाराबाहेर चपलांजवळ काढून ठेवलेलं. ज्याचं पोट ज्यावर, त्याचं मत त्यावर. मिस्त्रीला माणसं वरचेवर गॅरेजात यायला हवी होती आणि कंपनीला गाडी बिनखर्चाची दिसायला हवी होती. याला ते ज्ञान म्हणत.

भांडण तीन रविवार चाललं. शेवटी अण्णांनी हात वर केला. सगळ्या जन्मात त्यांनी तंटे असेच मिटवले होते. खाट खिडकीकडे की भिंतीकडे, तर मधोमध. मीठ जास्त की कमी, तर मध्यम. ते म्हणाले, "ना तुझे पाच, ना तुमचे पंधरा. दहा. आणि ते वर्षबिर्ष राहू द्या, लक्षात कोण ठेवणार. आकडा समोर दिसतो."

दोघांनी माना डोलवल्या. दोघांचाही मान राहिला, कुणाचंच खरं झालं नाही, आणि पानावर बसलेल्या सगळ्यांना फार बरं वाटलं. इंजिनाला नाती कळत नाहीत, पण इंजिनाला विचारतो कोण?

आता या घरातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

थोरली लहान असताना अण्णांची पहिली गाडी एका मोठ्या घराच्या दारात बंद केली होती, ती निघायच्या वेळी सुरूच होईना. माणूस आत ठेवलेला, दार लावलेलं, आणि अण्णा किल्ली फिरवताहेत. शेवटी शोकाला आलेल्या माणसांनी कोट काढले आणि गाडी ढकलली. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, की याला जन्मभर ढकलावंच लागलं, आता मेल्यावरही तेच. लोक हसले. मेलेल्याच्या बायकोदेखत हसले. त्या दिवसापासून या घराचं नाव ढकलगाडीवाले पडलं. थोरली शाळेत गेली तर ढकलगाडी, मिस्त्री खेळायला गेला तर ढकलगाडी.

अण्णांनी तेव्हाच नियम केला, की दारात इंजिन बंद करायचं नाही. माणसं अर्धा तास रडोत नाहीतर अर्धा दिवस, गाडी चालूच राहिली पाहिजे. ती जुनी गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली, तरी नियम तसाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. थोरलीनेही तो पाळला. दारात गाडी लावायची, हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि इंजिन पायाखाली गुरगुरत ठेवायचं.

दुसऱ्या वर्षी अण्णांचे पाय गेले आणि मग छाती धरू लागली. खाट खिडकीशी सरकवली, मधोमध नाही, कारण आता त्यांना गाडी दिसायला हवी होती. एक दिवस थोरली त्यांचे पाय चेपत असताना ते म्हणाले, "बाकी काही करा न करा. फुलं टाका, न टाका. मला ढकलत नेऊ नकोस."

"नाही नेणार," थोरली म्हणाली.

"लोक म्हणतील, ढकलगाडीवाल्याला शेवटी ढकलतच नेला."

"म्हणणार नाहीत. मी आहे ना."

इतकंच बोलणं झालं. थोरली तोंडाने फार वचनं देणारी बाई नव्हती, त्यामुळे दिलेलं एखादं तिला फार जड व्हायचं. त्या दिवसापासून गाडीत बसली की ती आधी कान लावायची.

तिसऱ्या वर्षी कानाला ते लागलं. दारात उभं असताना इंजिनातून बारीक टकटक यायची, कोणी लाकडावर नख आपटावं तशी. आणि ऑइलचा लाल दिवा मिचमिच करून विझायचा. गाडी हलली की दोन्ही बंद.

ती आधी सर्व्हिस सेंटरला गेली. तिथली फरशी इतकी चकचकीत, की माणसाला आपले पाय घाणेरडे वाटावेत. जावईबापूंनी गाडीला वायर लावून पडद्यावर पाहिलं आणि सांगितलं, "ताई, अजून निम्म्याहून जास्त ऑइल बाकी दाखवतंय. दिवा काय, सेन्सरचा असेल." वर्ष उलटल्याची सूचना पडद्यावर यायची, ती त्यांनी घरची गाडी म्हणून केव्हाच बंद करून ठेवली होती. सासऱ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा मोठेपणा. निघताना त्यांनी तिला मशीनची कॉफी आणि कंपनीचं पेन दिलं.

मग ती गॅरेजात गेली. मिस्त्रीने ऑइलची पट्टी बाहेर ओढली, बोटावर थेंब घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला, आणि मोठ्या डॉक्टरसारखा चेहरा करून गप्प बसला. हे हुंगणं तो प्रत्येक गिऱ्हाइकापुढे करायचा. ऑइल महिन्याभरातच काळं होतं, ते काळं दाखवून त्याने निम्म्या रस्त्याला घाबरवून ठेवलं होतं.

"काळं झालंय," तो म्हणाला.

"मग बदल."

"कसं बदलू? दहा ठरलेत. अजून सातसुद्धा झाले नाहीत. जावईबापूंचा मान नको का राखायला?"

थोरलीला वाटलं, रुसलाय. लहानपणापासूनच रुसका. खरोखर काही असतं तर बोलला असता, अण्णांची गाडी आहे. असं मनाशी म्हणून ती निघून आली. आयुष्यभर माणसांना ओळखून असलेली बाई, घरच्या माणसात फसली.

त्यानंतर काही दिवसांनी ती एका दारात उभी होती. मुलगा लांबून यायचा होता, त्याच्यासाठी सगळे थांबलेले. दुपारभर थांबले. इंजिन चालू, पाय तापलेले, आत माणूस निजलेला. करायला काही नव्हतं म्हणून थोरली समोरच्या आकड्यांकडे पाहत राहिली. किलोमीटरचा आकडा सकाळी होता तोच होता. इंजिन सारखं घुसळतंय, तापतंय, धूर सोडतंय, आणि आकडा जागचा हलत नाही. ती पाहत राहिली. मग तिला वाटलं की कोणीतरी आपल्या थोबाडीत मारली.

घरात तीन रविवार पाच, पंधरा आणि दहा यांवरून रणं पेटली होती, आणि ही गाडी मुळात चालतच नव्हती. ती उभी असायची. धावण्यापेक्षा उभं राहून तिचं इंजिन कितीतरी जास्त झिजलं होतं, आणि त्याची मोजदाद कुठेच होत नव्हती. घोडा दावणीला बांधून दिवसभर पळवावा आणि संध्याकाळी म्हणावं, कुठे गेला नाही, दमेल कशाला.

तेवढ्यात लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. तिने पाय जरा दाबला, इंजिन ओरडलं, दिवा विझला. दारातल्या बायकांनी वळून रागाने पाहिलं. पाय काढला की दिवा पुन्हा लागायचा. मुलगा येईपर्यंत ती तशीच पाय दाबून बसली, लोकांच्या शिव्या डोळ्यांतून खात. त्या माणसाला तिने पोचवलं, पण स्मशानाच्या फाटकात टकटक इतकी वाढली होती, की पुढे चालणाऱ्याने मागे वळून पाहिलं.

रविवारी तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि दोघांना विचारलं, "गाडी उभी असताना इंजिन काय झोपतं का?"

मिस्त्रीने ताटात पाहिलं. जावईबापूंनी हातरुमालाने तोंड पुसलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं, की तसं कंपनीने म्हटलेलंच आहे. जास्त वेळ उभी चालणारी गाडी, जवळजवळच्या फेऱ्या, धूळ, उन्हाळा, असं काही असलं की त्याला कठीण वापर म्हणतात, आणि तेव्हा ऑइल निम्म्या अंतरावर, काही वेळा त्याहूनही लवकर बदलायचं असतं.

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"ताई, ते सगळ्यांनाच लागू पडतं. धूळ कुठे नाही? गर्दीत उभं कोण राहत नाही? सगळ्यांना सांगत बसलो तर पंधरा हजार कुणाला सांगायचे?" हे बोलताना ते ओशाळलेही नाहीत. काउंटरवरचा माणूस खरं बोलतो तेव्हाही विकल्यासारखंच बोलतो.

मिस्त्री हसला. थोरली त्याच्याकडे वळली. "तुझ्या गॅरेजात लोकांचे जनरेटर येतात. त्यांचं ऑइल कसं बदलतोस? ते तर जागचे हलत नाहीत."

"तासांवर," मिस्त्री म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"मी पाच म्हणत होतो ना. तुम्ही माझं ऐकलं असतं तर..."

"पाचानेही काय झालं असतं? पाच व्हायला दोन वर्षं लागली या गाडीला. पट्टी हुंगलीस तेव्हा तुला कळलं होतं की नाही?"

मिस्त्रीने काळ्या नखांचा हात ताटाखाली घेतला. थोरलीला सगळं लख्ख दिसलं. एकाला वाटत होतं, इंजिन दहाच्या आत गेलं की कंपनीचं नाक कापलं जाईल. दुसऱ्याला वाटत होतं, गेलंच तर म्हणता येईल, बघा, कंपनीचं सोडून घरचा आकडा धरला त्याचं फळ. दोघंही ताटावर बसून त्या इंजिनाच्या मरणाची वाट पाहत होते, फक्त ते दुसऱ्याच्या नावावर मरावं एवढीच इच्छा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात. इथे दुःख कशाचंच नव्हतं.

"गाडी बंद पडेल त्या दिवशी आत कोण असेल," थोरली म्हणाली, "याचा विचार केलात का दोघांनी?"

धाकटीने जुळ्यांना उचललं आणि ती बाहेर गेली. आतल्या खोलीत खाट करकरली. अण्णा जागे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री पाना घेऊन दारात आला आणि थोड्या वेळाने जावईबापूंनी कंपनीचा डबा पाठवला. थोरलीने पाना घेतला, डबा घेतला, आणि दोघांनाही गाडीला हात लावू दिला नाही. भावाला पाहून पाहून तिला एवढं येत होतं. अंगणात पोतं अंथरून ती गाडीखाली शिरली आणि खालचा नट सोडला. आधी काहीच आलं नाही. मग डांबरासारखा एक गोळा लोंबला, तुटला, आणि त्याच्यामागून जाड काळी धार घमेल्यात पडू लागली. मिस्त्री कुंपणाशी उभा राहून पाहत होता. तिने त्याला जा म्हटलं नाही आणि ये पण म्हटलं नाही.

नवं ऑइल, नवा फिल्टर. आठवड्याने पुन्हा तेच, आतला गाळ धुऊन निघावा म्हणून. टकटक कमी झाली, गेली नाही. जे झिजलं ते झिजलं. इंजिन तापून एका जागी उभं राहिलं की दिवा अजून मिचमिचायचा. गाडी चालत असली की ठीक, बंद असली की ठीक. फक्त अण्णांचा नियम पाळला की मरायला टेकायची.

हे अण्णांना सांगणं भाग होतं. थोरलीने चमच्याने त्यांना पेज भरवली, तोंड पुसलं, आणि लांबण न लावता सांगितलं, की इंजिन पाचाने गेलं नाही आणि पंधराने गेलं नाही. दारात चालू ठेवून ठेवून गेलं.

अण्णांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

"म्हणजे मीच खाल्लं," ते म्हणाले.

"तुम्ही तिघांनी."

"लोक हसले म्हणून जन्मभर इंजिनं जाळली. आणि हसणारे केव्हाच गेले. त्यातल्या निम्म्यांना मीच पोचवलं." त्यांना हसू आलं, त्याचा खोकला झाला, आणि तो थांबायला वेळ लागला. "माझ्या वेळी दारात बंद कर."

"आणि सुरू झाली नाही तर?"

"तर ते दोघं आहेतच. जन्मात एकदा तरी एका दिशेला जोर लावतील."

अण्णांनी फार दिवस वाट पाहायला लावली नाही. त्या सकाळी थोरलीने गाडी अंगणातून काढून दारात आणली, हात जरा वेळ किल्लीवर ठेवला, आणि इंजिन बंद केलं. रस्त्यातल्या माणसांनी चमकून पाहिलं. ढकलगाडीवाल्यांची गाडी दारात बंद झालेली त्या पहिल्या फजितीनंतर कोणी पाहिली नव्हती. इतकी वर्षं थोरली दारं पाहत आली होती, पण रडण्याचा आवाज गुरगुरीशिवाय तिने पहिल्यांदाच ऐकला. तो आपल्याच घरातून येत होता.

सगळं आटोपलं, अण्णांना आत ठेवलं, दार लागलं. थोरली जागेवर बसली आणि तिने बाजूच्या आरशात पाहिलं. मिस्त्री आणि जावईबापू कोणी न सांगता गाडीच्या मागे येऊन उभे राहिले होते. मिस्त्रीने बाह्या वर केल्या होत्या. जावईबापूंनी तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये हातरुमाल धरला होता. दोघांनी मागच्या दारावर हात टेकले होते, एकमेकांकडे न बघता, आणि वाकून तयार होते.

तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं आणि सुरू झालं.

आरशात तिने दोघांना सरळ होताना पाहिलं. हात अजून हवेतच. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर होतं ते निराळंच. कोर्टात पुरावा घेऊन यावं आणि खटलाच निघू नये, तसे ते उभे होते. गाडी हलली आणि दोघं तिच्या दोन बाजूंनी चालू लागले. दोघांच्या मध्ये अण्णा. कोपऱ्यापर्यंत गप्प होते. मग जावईबापू हळूच म्हणाले, की शेवटी इंजिन कंपनीचं होतं, म्हणूनच एवढं सोसलं. पलीकडून मिस्त्री म्हणाला, वेळेवर ऑइल उतरवलं म्हणून वाचलं, नाहीतर आज खांदा द्यावा लागला असता. जावईबापू म्हणाले, वेळेवर म्हणजे कोणत्या वेळेवर?

थोरलीने काच वर केली.